बीओएममध्ये प्रत्येक लांबीला एकच पार्ट नंबर येतोय
एका फाइलमध्ये पिनच्या १२ लांब्या, पण बीओएममध्ये (लागणाऱ्या भागांच्या यादीत) सगळीकडे फाइलचंच नाव, असं तुम्ही लिहिलंय. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या (एकाच फाइलमधल्या वेगळ्या रूपाच्या, इथे प्रत्येक लांबीच्या) प्रॉपर्टीजमध्ये बीओएमला कोणता पार्ट नंबर जावा ते ठरवता येतं. तिथे 'डॉक्युमेंट नेम' राहिलं की हेच होतं. 'यूझर स्पेसिफाइड नेम' निवडून खरा नंबर टाका. बाराही एकेक उघडत बसू नका; डिझाइन टेबलमध्ये (सगळी कॉन्फिगरेशन्स एकत्र भरायच्या एक्सेल तक्त्यात) डॉलर चिन्हाने सुरू होणारा पार्टनंबर कॉलम घ्या. एक्सेलमध्ये तो आधी टेक्स्ट करा, नाहीतर ००४५१२ मधली पुढची शून्यं उडतात. आमच्याकडे त्यापायी चुकीच्या पिना आल्या होत्या. आणि कृपया कॉन्फिगरेशनच्या नावालाच पार्ट नंबर करू नका. पुढे नंबर बदलला की नाव बदलावं लागतं, आणि तेव्हा बंद असलेली असेंब्ली (ती पिन वापरणारी जोडणीची फाइल) पुढे उघडताना कॉन्फिगरेशन सापडत नाही असा इशारा येऊ शकतो.