शब्दचर्चा: ‘श्रेष्ठ’ फलंदाज, ‘महान’ फलंदाज की ‘सरस’ फलंदाज?

> ‘जगातला सर्वश्रेष्ठ फलंदाज’ यात ‘सर्व’ जास्तीचा नाही का? आणि श्रेष्ठ, सर्वोत्तम, महान यांत नेमका फरक काय?

संस्कृतच्या हिशेबाने जास्तीचाच आहे. दोघांत अधिक चांगलं ते श्रेयस् आणि सगळ्यांत चांगलं ते श्रेष्ठ. म्हणजे ‘सगळ्यांत’ हा अर्थ श्रेष्ठच्या पोटातच आहे. ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ हे त्याच साच्यातले. ‘उत्तम’मधला ‘तम’ही तेच सांगतो, त्यामुळे ‘सर्वोत्तम’लाही हाच आक्षेप लागू पडतो. ‘श्रेष्ठतम’मध्ये तर एकावर एक दोन टोप्या. ‘सर्वोत्कृष्ट’ मात्र सुटतो, कारण उत्कृष्ट म्हणजे वर ओढलेला, इतरांतून वर काढलेला. त्यात तुलनेचा प्रत्यय नाही.

पण मराठीत या शब्दांची धार कधीच गेली. ‘कनिष्ठ लिपिक’ म्हणजे कचेरीतला सगळ्यांत खालचा माणूस नव्हे. ‘उत्तम खेळला’ म्हणजे सगळ्यांपेक्षा चांगला खेळला असं नव्हे. ‘हा त्याच्यापेक्षा श्रेष्ठ’ असं आपण सर्रास म्हणतो, म्हणजे तिथे श्रेष्ठ हा दोघांतल्या तुलनेचा शब्द झाला. म्हणून मराठीत ‘सर्वश्रेष्ठ’ लिहिणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

‘महान’चं वेगळं आहे. त्यात तुलनाच नाही. त्याचा तमभाव, म्हणजे ‘सगळ्यांत’ हा अर्थ दाखवणारं रूप, ‘महत्तम’, जो आपल्याला शाळेतल्या मसाविमुळे ठाऊक आहे: महत्तम साधारण विभाजक. महान फलंदाज एका वेळी वीस असू शकतात, श्रेष्ठ एकच. ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन महान, गावसकर महान, वेस्ट इंडिजचा रिचर्ड्स महान, तिथलाच लारा महान, सचिन महान, यात भांडण कुठे आहे? भांडण ‘श्रेष्ठ’ म्हटल्यावर सुरू होतं. पुष्कळदा एक जण ‘महान’ या अर्थाने बोलत असतो आणि दुसरा ‘श्रेष्ठ’ या अर्थाने ऐकत असतो. वादातला निम्मा धूर इथून निघतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

> मग ब्रॅडमनला श्रेष्ठ म्हणून विषय संपवायचा का? ९९.९४ च्या कसोटी सरासरीपुढे कोण बोलणार?

आकड्यापुरता संपतोच. ५२ कसोटी, ८० डाव, ६९९६ धावा, २९ शतकं. पुरेसे सामने खेळलेल्या बाकीच्या थोरांची सरासरी साठीच्या आसपास अडते. मराठीत याला अगदी नेमका वाक्प्रयोग आहे: ‘त्याची सर कुणाला नाही.’ सर येणे, सर असणे हे बहुधा नकारातच वापरतात. ‘याला त्याची सर आहे’ असं आपण सहसा म्हणत नाही, ‘याला त्याची सर येणार नाही’ असंच म्हणतो. वरचं टोक आधीच कुणीतरी गाठलेलं आहे आणि इतरांनी तिथपर्यंत पोचायचं आहे, हे त्यात गृहीत असतं. ब्रॅडमनसाठी हा वाक्प्रयोग घडवून आणल्यासारखा बसतो. १४ ऑगस्ट १९४८ ला ओव्हलवर शेवटच्या डावात उतरताना शंभराची सरासरी पूर्ण राहायला त्याला चार धावा हव्या होत्या. इंग्लंडच्या हॉलीसच्या दुसऱ्याच चेंडूवर तो शून्यावर त्रिफळाचीत झाला. त्या चार धावा कमी पडल्या तरी ‘सर’ कुणालाच आली नाही.

मात्र ‘सर नाही’ आणि ‘सरस आहे’ यांत गल्लत नको. दिसायला जवळचे आहेत, पण सरस म्हणजे स+रस, रसाने भरलेला. मराठीत त्याला ‘अधिक चांगला’ असा तुलनेचा अर्थ आला आणि ‘एकापेक्षा एक सरस’ रुळलं. तरी रस त्यातून पुरता आटलेला नाही. ‘लारा सरस’ असं कुणी म्हणतो तेव्हा तो धावांची बेरीज मांडत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर उंच गेलेली बॅट आणि कव्हरमधून सुटलेला चेंडू असतो. आता त्याला ‘पण सरासरी बघ’ असं उत्तर दिलं, तर ते त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर झालं.

> दोघांतला ‘उजवा’ कोण, असं म्हटलेलं चालेल? डावखुऱ्याबद्दल बोलताना ते विचित्र वाटतं.

खुशाल म्हणावं. उजवा ठरणे, डावं-उजवं करणे हे तुलनेचे अस्सल मराठी शब्द आहेत, हाताशी त्यांचा संबंध आता अर्थापुरता उरलेला नाही. तरी क्रिकेटच्या मजकुरात मी ते टाळतो. लारा डावखुरा, त्यामुळे ‘सचिनपेक्षा लारा उजवा’ हे वाक्य वाचताना वाचक क्षणभर अडखळतो आणि अडखळला की मुद्दा हातचा जातो. तिथे सरस लिहावं, नाहीतर ‘लाराचं पारडं जड’ लिहावं.

अडखळ सोडली तर त्या वाक्याला आधार भरपूर आहे. मार्च १९९९. मालिकेतल्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिज ५१ धावांत गारद झालेलं. तिसरी कसोटी ब्रिजटाउनला, समोर ऑस्ट्रेलिया, जिंकायला ३०८. लारा नाबाद १५३, विजय एका गड्याने, आणि शेवटी दुसऱ्या टोकाला अकराव्या क्रमांकाचा वॉल्श, मुळात गोलंदाज. याला आपण ‘एकहाती’ विजय म्हणतो. ‘एकहाती’ हा शब्द फार स्वस्त झालाय, तो अशा खेळीसाठी राखून ठेवावा. रिचर्ड्सची १९८४ ची मँचेस्टरची एकदिवसीय खेळी दुसरी: संघाच्या २७२, त्यातल्या नाबाद १८९ त्याच्या.

> ‘कसलेला फलंदाज’ म्हणजे फक्त अनुभवी का?

अनुभवीपेक्षा जास्त. मला हा शब्द ‘महान’पेक्षाही मोलाचा वाटतो. सोनं ज्या दगडावर घासून पाहतात ती कसोटी, आणि घासल्यावर दिसतो तो कस. जमीनही कसतात. कसलेला म्हणजे घासून, राबून, तावून निघालेला. नुसती वर्षं मोजून तो मान मिळत नाही. पाच दिवसांच्या सामन्याला मराठीने ‘कसोटी’ नाव दिलं ते इतकं चपखल आहे की रोज वापरून आपण त्यातला दगड विसरून गेलोय.

कसलेपण जवळून बघायचं तर सिडनी, जानेवारी २००४. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या मालिकेत सचिन ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावून बाद होत होता. सिडनीला त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्हच बाजूला ठेवला. ऑफबाहेरचे चेंडू सोडले, पायांवर आलेले लेगला वळवले, आणि हे दहा तासांहून जास्त वेळ केलं. ४३६ चेंडू, नाबाद २४१. डोळ्यांना सुखावणारी ती खेळी नव्हती. सचिनचे चाहतेही तिला ‘नजाकतीची’ म्हणणार नाहीत. पण आपला सगळ्यांत देखणा फटका असा म्यानात ठेवून द्विशतक काढणारा माणूस कसलेला नाही तर कोण? सचिनची ५१ कसोटी शतकं, २०० कसोटींतल्या १५,९२१ धावा हे सगळं बाजूला ठेवलं तरी माझ्या लेखी ही एक खेळी पुरेशी आहे.

म्हणून माझं मत सरळ सांगतो: श्रेष्ठ ब्रॅडमन, सरस लारा, कसलेला सचिन. तिन्ही विशेषणं एकाच्याच गळ्यात घालायचा हट्ट मला पटत नाही. कोहलीचं नाव यात का नाही, असं विचारलं जाईल. एकदिवसीय सामन्यांपुरता प्रश्न असता तर मी त्याचंच नाव घेतलं असतं. पन्नासहून जास्त शतकं आणि धावांचा पाठलाग करतानाचं त्याचं डोकं, यांना त्या प्रकारात तोड नाही.

> ‘फलंदाज’ या शब्दातला अंदाज कसला? चेंडूचा अंदाज घेतो म्हणून?

नाही. हा फारसी ‘अंदाज’, फेकणारा या अर्थाचा. तीर फेकतो तो तिरंदाज, तोफेचा गोळा डागतो तो गोलंदाज. मराठ्यांच्या फौजेत तोफखान्यावर गोलंदाज असत, चेंडू त्यांच्या हाती फार नंतर आला. गोलंदाजाच्या जोडीला फळीवाला हवा म्हणून फलंदाज. काटेकोरपणे फोड केली तर तो ‘फळी फेकणारा’ होतो, हे खरं. पण जोडीने जन्मलेल्या शब्दांची अशी फोड करू नये. कानाला तो बसला आणि टिकला.

शिवाय या शब्दाने आपलं एक मोठं काम आयतंच करून ठेवलंय. मेरिलबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांतून ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ घेतला. मराठीला काहीच बदलावं लागलं नाही. तो फलंदाज, ती फलंदाज.

> मग ‘जगातला सर्वोत्तम फलंदाज’ यातला ‘जगातला’ कुणासाठी?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फलंदाज हा शब्द दोघांचा आहे, पण आपण लिहिताना तो एकाचाच धरतो. ‘एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात द्विशतक करणारा पहिला फलंदाज सचिन’ हे वाक्य मी स्वतः कितीदा लिहिलंय. ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०, नाबाद २००. पण डिसेंबर १९९७ मध्ये महिला विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या, तेही मुंबईत. प्रतिस्पर्धी दुबळा होता असं कुणी म्हणेल, पण ‘पहिला कोण’ या प्रश्नात ते येत नाही. तेव्हा इथून पुढे मी लिहिणार: पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतला पहिला द्विशतकवीर सचिन, आणि एकदिवसीय सामन्यांत द्विशतक करणारी पहिली फलंदाज बेलिंडा क्लार्क.