कोयता हातात आहे म्हणून तो सैनिक झाला का?

चिपाड (धागा माझाच)

आमची पाच जणांची टोळी दर रविवारी राजारामपुरीत एकाच्या माडीवर टेबलावरचं युद्ध खेळते. २८ मिलिमीटरच्या बाहुल्या, फासे, मोजायला टेप. आजवर मी चिलखतवाले अवकाशवीरच रंगवले. या पावसाळ्यात ठरवलं, साध्या माणसांची फौज करायची. गोष्ट अशी: एका ग्रहावर काचेसारखा बोरू उगवतो, त्याच्या रसावर जहाजं उडतात. मालक वर कक्षेत, तोडणारे खाली चिखलात. एक दिवस तोडणारे म्हणतात, बास.

माझं म्हणणं, रोज हातात जे असतं तेच त्यांचं हत्यार. तोडकऱ्याला कोयता (फौजेच्या यादीत 'कोयते: ४०'). औषध मारायचा पाठीवरचा पंप असतो, त्यात बोरूचा रस भरून नोझलपाशी ठिणगी दिली की आग ओकणार. गुळव्या उकळती काकवी फेकणार. (हसू नका. ज्याच्या मनगटावर काहिलीतला एक थेंब उडालाय त्याला विचारा. पुसायला गेलं की कातडी येते.)

आणि एक नियम: पहिला घाव घालेपर्यंत शत्रूला त्यांच्यावर नेम धरता येणार नाही, कारण त्याला ते कामगारच दिसतात. हे मी हवेतून आणलेलं नाही. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब पातं परवान्याच्या यादीत येतं, पण घरकाम, शेती, कारखान्यासाठी घडवलेलं पातं त्यातून वगळलंय. माडीवरचे चौघंही या नियमाच्या विरोधात आहेत. तुम्ही सांगा.

पट्टेकरी

कोल्हापूरचा असून कोयता? मर्दानी खेळ कुठं गेला भावा? विटा घे, तो दोराचा भाला. भाल्याला दोर, दोराचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा, लागला की ओढून परत हातात. अवकाशात यापेक्षा भारी काय पाहिजे? नाहीतर पट्टा, ती लांब पात्याची तलवार. खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी हातमोज्यात, कोपरापर्यंत हात जातो, मनगट वळत नाही, म्हणून अख्खं अंग फिरतं. बाहुलीची पोझ आपोआप येते.

आणि ते नागरिकच होते की. आपले गडकरी गडाखालच्या जमिनी कसून खायचे आणि गड राखायचे. त्या जमिनींचा कारभार मामलेदाराकडं गेला, तेव्हा १८४४ ला सामानगडानं दरवाजे लावून घेतले. मग ते शेतकरी का शिपाई? सांग.

चिपाड

गडकऱ्यांचा मुद्दा मान्य, तो मला सुचला नव्हता. पण विटा परत हातात यायला किती वर्षं आखाड्यात घाम गाळावा लागतो ते तुम्हालाच माहीत. माझ्या लोकांना तेवढी फुरसत नाही. पट्टेकरी एकच ठेवतो, म्हातारा.

तिसराफासा

मी त्या माडीवरच्या चौघांपैकीच. नियम भंगार आहे, इथंही सांगतो.

एक तर हे नवीन नाही. वॉरहॅमर ४०,००० या बाहुल्यांच्या खेळात जेनस्टीलर कल्ट नावाची फौज आहेच, खाणकामगार ड्रिल आणि खाणीचे लेझर घेऊन उठतात. तिथं लपून येण्याचे नियमही आहेत, पण त्याचे गुण (फौज उभी करायची किंमत) मोजून घेतात. तुला फुकट पाहिजे.

दुसरं, हत्यार उचललं की नागरिकपण संपलं. पोलंडचे शेतकरी ४ एप्रिल १७९४ ला रात्स्लावित्सेला रशियन तोफांवर धावून गेले. हातात गवत कापायचे विळेच, पण पातं काढून दांड्याच्या रेषेत सरळ बसवलेलं. त्या विळ्यानं आता गवत कापता येत नाही, तो भाला झाला. तोफा घेतल्या त्यांनी. तुझ्या कोयत्याचंही तसंच कर, पातं लांबव, जळतं दाखव, आणि गप सैनिकाचे गुण लाव. शिवाय शेतीचा आहे म्हणून कोयता घेऊन रात्री रंकाळ्यावर फिरून बघ. तुझा नियम पोलिसांना वाचून दाखव.

उद्यमनगरी

कायद्यात मी पडत नाही, ओतकामाचं सांगतो. २८ मिलिमीटर म्हणजे साधारण साठाव्या भागाचं माप. दीड फुटी कोयता झाला साडेसात मिलिमीटर, ठीक. पण खरा कोयता ट्रकच्या पाट्याचा, पातं चार मिलिमीटर धरलं तर तुमच्या बाहुलीत ०.०७ मिलिमीटर. तिथपर्यंत धातू जात नाही, साच्यातच गोठतो. जाड करावंच लागणार, आणि जाड केलं की ते कुऱ्हाडीसारखं दिसणार. तिसराफासा म्हणतात तसं तुमच्या हातून आपोआपच होतंय. पंप मात्र झकास निघेल.

वाढं_मोळी

मी काही वर्षं साखरशाळेत, म्हणजे ऊसतोडकऱ्यांच्या पोरांच्या शाळेत, शिकवलं. आधी वाटलं यात पडू नये, पण गुऱ्हाळाचा पाक, कोयता, चिखल असं सगळं उचललंत आणि माणसं सोडलीत.

तुमच्या यादीत 'कोयते: ४०' म्हणजे चाळीस बाहुल्या. फडात एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडतो, ती वाढं (उसाचे शेंडे) बाजूला करून मोळी बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. एकटं माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. पोर कोपीत (पाचटाच्या झोपडीत) नाहीतर बांधावर. हंगामाआधी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दोघांतलं एक आजारी पडलं तरी ती फिटल्याशिवाय सुटका नाही. तुमच्या फौजेत बाई कुठाय?

आणि ही माणसं 'बास' म्हणायची असली तर पहिल्यांदा कोयता खाली ठेवतात. संप करतात. तुम्हाला तो खेळात नको, कारण त्याला फासे लागत नाहीत.

पट्टेकरी

मॅडम, खेळ आहे हो. बाहुल्यांचा.

वाढं_मोळी

म्हणूनच म्हणाले. खऱ्यात मला कोण विचारतंय?

चिपाड

दोन दिवस गप्प होतो. चाळीस सुट्या बाहुल्यांच्या जागी वीस तळ (बाहुल्या चिकटवायच्या चकत्या) केले, प्रत्येकावर नवरा-बायको दोघं. एक पडलं की दुसरं 'अर्धा कोयता': चाल अर्धी, पण उचल पूर्ण. उचल म्हणजे खेळाआधी घेतलेले जादा गुण, शेवटी फेडायचे, नाही फेडले तर जिंकूनही हार. नेम न धरण्याचा नियम काढत नाही, फक्त विकत घेतो, दहा गुणांना. संपाचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. कोयते खाली ठेवले तर समोरच्याची जहाजं किती फेऱ्या उडतील, एवढंच डोक्यात घोळतंय.

तिसराफासा

पंधरा गुण. दहाला मी खेळणार नाही.

उद्यमनगरी

शनिवारी साचा करू, या. पोर वेगळं ओतूया, एका साच्यात तिघं नीट सुटत नाहीत.