प्रति: स्लाइड असताना जीन्स कशाला?

वर कुणीतरी विचारलंय की पॅथॉलॉजिस्टला स्लाइड बघून किडनीची गाठ ओळखता येते तर जीन एक्स्प्रेशनचा (पेशीत कुठले जीन्स किती चालू आहेत ते मोजण्याचा) एवढा खटाटोप कशाला. अहो बहुतेकदा येतेच की, किडनीच्या कॅन्सरपैकी क्लिअर सेल हा प्रकार साधारण ७५ टक्के आणि तो सहसा लपत नाही, त्यात व्हीएचएल जीन बिघडलेला असतो मग पेशीला वाटतं ऑक्सिजनच कमी पडलाय आणि सीए९, व्हीईजीएफ वगैरे जीन्स नुसते बोंबलत सुटतात. खरी गोची क्रोमोफोब आणि ऑन्कोसायटोमा या किडनीच्याच दोन गाठींची, दिसायला भाऊभाऊ पण पहिला कॅन्सर, दुसरा निरुपद्रवी. तिथे सीके७ नावाचं प्रोटीन बघतात, क्रोमोफोबमध्ये सहसा भरपूर, ऑन्कोसायटोमात एखाददुसऱ्या पेशीत.

आणि क्लिअर सेलमध्येही पोटजाती आहेत बरं का, २०१४ च्या क्लिअरकोड३४ या जीन टेस्टने ३४ जीन्सवरून सीसीए, सीसीबी असे दोन गट पाडले, सीसीबीवाल्यांचं पुढचं चित्र जास्त वाईट. पण (माझा यावर डोळे झाकून विश्वास नाही हां) २०१२ मध्येच दिसलं होतं की एकाच गाठीच्या एका कोपऱ्यात जीन्सचा चांगला पॅटर्न आणि दुसऱ्या कोपऱ्यात वाईट. म्हणजे बायोप्सीची सुई कुठे टोचली त्यावरही रिपोर्ट बदलू शकतो!