मदत हवी आहे: मेलबर्नमध्ये ज्येष्ठांच्या खरेदीच्या तासाला व्हिजिटर व्हिसावरच्या आईबाबांना आत घेतील का?

रात्रपाळी | २२ मार्च २०२०

धागा घाईत काढतेय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

आईबाबा (वय ६९ आणि ७४) डिसेंबरपासून आमच्याकडे आहेत. परतीचं तिकीट २७ मार्चचं होतं, पण कोरोनामुळे भारताने आजपासून आठवडाभर आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली. म्हणजे मुक्काम वाढला. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. मी इथे हॉस्पिटलात नर्स आहे, सध्या रात्रपाळी. नवरा घरून काम करतो आणि चार वर्षांच्या लेकीमागे धावतो.

अडचण सामानाची आहे. मी संध्याकाळी ड्यूटीवर जाताना दुकानात डोकावते तेव्हा तांदूळ, पीठ, पास्ताची फडताळं रिकामी. टॉयलेट पेपरबद्दल तर बोलायलाच नको, माणशी एक पाकीट असा नियम आहे, पण ते एक तरी दिसावं ना! घरपोच सेवाही बंद. माल रात्री लावतात आणि सकाळी सात ते आठ ज्येष्ठ व अपंगांसाठी राखीव. वूलवर्थ्स सुपरमार्केटने १७ तारखेपासून सुरू केलं, कोल्स सुपरमार्केटने दुसऱ्या दिवशी.

बाबा म्हणतात, "मी सातला फिरायला जातोच, येताना घेऊन येतो." पण सूचनेत लिहिलंय की सरकारी सवलतीचं कार्ड दाखवा. ते बाबांकडे कुठून येणार? परवा ते कापडी पिशवी आणि पासपोर्ट घेऊन एका दुकानाच्या दारात गेले. जन्मसाल १९४५ आहे, बघा म्हणाले. दारावरची मुलगी गोंधळली, मॅनेजरला विचारते म्हणाली, तेवढ्यात मागची रांग चुळबुळ करायला लागली. बाबा "नो प्रॉब्लेम" म्हणून परत आले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "आपण इथे म्हातारे नाही आहोत."

पासपोर्टवर कुणाच्या आईबाबांना आत सोडलंय का? मी सोबत गेले तर चालेल का? दुसरा काही मार्ग?

डँडेनाँगकर | २२ मार्च

सीनियर्स कार्ड (ज्येष्ठांचं सरकारी सवलतीचं कार्ड) मिळायला वयाची साठी लागतेच, शिवाय इथला कायमचा रहिवासी असावं लागतं. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. माझ्या सासूबाईंना आमच्या जवळच्या दुकानात पासपोर्टवर सोडलं, पण तो त्या दिवशीच्या माणसाचा भलेपणा. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस असेल. आदल्या दिवशी दुपारी जाऊन मॅनेजरशी बोलून ठेवा. आणि पिठासाठी सुपरमार्केट कशाला? देशी दुकानात फोन करून विचारा, आमचा दुकानदार ओळखीच्यांसाठी दहा किलोची गोणी बाजूला ठेवतो.

टेम्सकाठी | २३ मार्च

इकडे लंडनमध्ये कार्ड वगैरे काही नाही. सेन्सबरीज सुपरमार्केटने १९ तारखेला पहिला तास ज्येष्ठांसाठी ठेवला, तो लोकांच्या सद्सद्विवेकावर. तरुण दिसणाऱ्याला फार तर टोकतात. पण कार्ड नसण्याचा तोटा असा की आमच्या भागातल्या एका दुकानासमोर उजाडायच्या आत रांग लागली होती. सगळे सत्तरीचे, एकमेकांना खेटून, थंडीत. ज्यांनी गर्दी टाळायची त्यांनाच एका तासात एका दारी गोळा केलं. रात्रपाळीताई, कार्डाचं सोडा, बाबांना पाठवायचंच का हा पहिला प्रश्न आहे.

खडकवासला | २३ मार्च

टेम्सकाठी यांना +१. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने दुकानात जाऊ नये. आम्ही इकडे सोसायटीत ज्येष्ठांच्या दाराला पिशवी आणि यादी लटकवायला सांगितली आहे. गेटवर भाजीचा टेम्पो येतो, मुलं पिशव्या भरून वर नेतात. तुमच्याकडे शेजारी कोणी कार्डवाले आजोबा असतील तर त्यांनाच सांगा की.

रात्रपाळी | २३ मार्च

खडकवासला, शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. उलट मीच त्यांचं दूध आणते. :)

तुम्ही म्हणता ते पटतंय. पण बाबांना घरात बसवणं अवघड आहे हो. नाशिकला रोज सकाळी मंडईत जाणारा माणूस. भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाहीत. इथेही तसंच करतात, आणि आता तर मला तेच नको आहे, प्रत्येक भेंडीला हात! त्यांना ‘जाऊ नका’ म्हटलं की ते ‘तू रोज जातेस ना त्या हॉस्पिटलात’ म्हणतात. याला उत्तर नाही माझ्याकडे.

डँडेनाँगकर | २५ मार्च

अहो, तुमचंच काम झालं! उद्यापासून कोल्स आठवड्यात दोन दिवस हाच सकाळचा तास आरोग्य कर्मचारी आणि आपत्कालीन सेवावाल्यांना देतंय. हॉस्पिटलचं ओळखपत्र दाखवायचं. ड्यूटी संपवून थेट जा. वार मात्र दुकानाच्या दारावर नीट बघून घ्या.

रात्रपाळी | २७ मार्च

काल गेले. सातला सुटले, कपडे बदलले, सव्वासातला दुकानात. आत सगळे माझ्यासारखेच, डोळे तारवटलेले, गळ्यात पट्टे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तांदळाची दोन पाकिटं मिळाली, पीठ मिळालं, टॉयलेट पेपरही! घरी आले तर बाबा दारातच. पिशवी घ्यायला पुढे झाले, मी लांबूनच थांबा म्हटलं. आधी अंघोळ, मग सामान पुसून आत.

भेंडी बघून म्हणाले, "मोडून बघितलीस का?" नाही म्हटलं. त्यांनी एकेक मोडून जून भेंड्या वेगळ्या काढल्या. पाच निघाल्या. पुढच्या वेळेची यादी आता ते स्वतः लिहितायत, वूलवर्थ्स आणि कोल्सच्या भावांसकट.

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: डँडेनाँगकर, तुमच्या त्या दुकानात तूरडाळ आहे का? असेल तर दुकानाचं नाव विपूत (माझ्या विचारपूस पानावर) कळवा, फोन करून बघते.