मीटर रूममध्ये एरोसोलवाला फायर सिस्टिम लावतोय, ह्याने आग विझते कशी?

घणसोली_सी_विंग:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी घणसोलीत, सात मजली, मीटर रूम ग्राउंडला जिन्याखाली. मागच्या महिन्यात एका केबलमधून धूर यायला लागला, वॉचमनकाकांनी धावत जाऊन मेन पाडला म्हणून निभावलं, तेव्हापासून कमिटीत हाच विषय. आता एका व्हेंडरने एरोसोल जनरेटर सुचवलाय, भिंतीला लावायचा छोटा डबा, ना पाइप ना मोठा सिलिंडर. एवढासा डबा आख्खी खोली विझवतो म्हणजे आतला ऑक्सिजन खातो का? काकांची खुर्ची दाराशीच असते, मला त्यांची काळजी वाटते.

रबाळे_पॅनल:
दादा, ऑक्सिजन खात नाही, आमच्याकडेही बरेच जण हेच धरून बसतात. मी एमआयडीसीत पॅनलचं काम करतो, हे डबे बसवलेत. आत गॅस भरलेला नसतोच, एक घट्ट वडी असते, पोटॅशियम नायट्रेट आणि रेझिन वगैरेची. सिग्नल मिळाला की ती वडी आतल्या आत जळते आणि पोटॅशियमच्या क्षारांचे एक-दोन मायक्रॉनचे कण पांढऱ्या धुरासारखे बाहेर पडतात, सोबत नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. कण इतके हलके की पटकन खाली बसत नाहीत, कोपऱ्याकोपऱ्यात, मीटरच्या मागेही पोचतात. प्रेशर नसल्यामुळे लीक व्हायची भानगड नाही. पण तोंडातून निघणारा झोत चांगलाच तापलेला असतो, केबलच्या तोंडावर डबा लावू देऊ नका.

शिकवणी_ठाणे_पूर्व:
मी केमिस्ट्री शिकवते म्हणून पुढचं सांगते. ज्वाळेत हायड्रोजन, ऑक्सिजन, ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असे अर्धवट तुकडे सतत तयार होतात, एक दुसऱ्याला पेटवतो, ही साखळी चालू आहे तोवर ज्वाळ. उष्णतेने कणांतून सुटलेला पोटॅशियम ओएचला पकडतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइड होतो, त्यावर हायड्रोजनचा तुकडा आदळला की पाणी बनतं आणि पोटॅशियम परत मोकळा, पुढचा तुकडा पकडायला. तोच तोच अणू पुन्हापुन्हा कामाला येतो म्हणून एका घनमीटरला साधारण पन्नास-शंभर ग्रॅम पुरतात, मला हा भाग फार आवडतो! सीओटूचं उलट आहे, खोली भरून विझवायची तर निदान ३४ टक्के सीओटू लागतो आणि त्यात माणूस जगत नाही. पूर्वी आग विझवायला वापरायचे तो हॅलॉन वायूही साखळीच तोडायचा, ब्रोमीनने, पण ओझोनचं नुकसान म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारात तो अडकला.
काकांबद्दल मात्र गाफील राहू नका. ऑक्सिजन उरला तरी त्या धुरात हात दिसत नाही, डोळे-घसा चुरचुरतो, थोडा कार्बन मोनॉक्साइडही असतो. हूटर आणि सुटण्याआधीचा वेळ ठेवूनच घ्या, आणि खुर्ची हलवा.

घणसोली_सी_विंग:
मॅडम खूप छान समजलं. पण एक सांगायचं राहिलं, आमच्या मीटर रूमला जाळीचं दार आहे आणि वर लूव्हर्स, म्हणजे हवा खेळायच्या तिरप्या फटी.

रबाळे_पॅनल:
अरे मग खोलीसाठी घेऊच नका! कण हवेत टिकले तरच काम होणार, जाळीतून सगळं जिन्यात जाईल आणि लोक नेमके त्याच जिन्याने उतरत असतील. जाळी बंद करू म्हणाल तर मीटर तापतील, तेही नको. त्यापेक्षा बंद पॅनल बॉक्सच्या आत बसणारे छोटे डबे मिळतात, उष्णतेने पेटणारी दोरी असते त्यांना, ते बघा. आणि सप्लाय आपोआप तुटायची सोय हवीच, कारण हे ज्वाळ मारतं, गरम तांबं थंड करत नाही, करंट चालू राहिला तर परत पेट घेईल. सुटल्यावर राहणारी पावडर ओल धरते, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लगेच, त्यामुळे त्याच दिवशी पुसून घ्यायची नाहीतर टर्मिनल गंजतात.
तिथे कोणी ई-स्कूटर चार्ज करत असेल तर बंद करा, लिथियम बॅटरी आतून तापत राहते, तिला थंड करायला पाणीच लागतं.

घणसोली_सी_विंग:
दोन लावतात आणि रात्रभर. आजच सांगतो त्यांना. आणि खुर्ची उद्या सकाळी गेटजवळ हलवतो, काकांना तिथे पंखा लागेल तेवढा बघतो.