सोलापुरात जपानी मेपल: पानं कडेनं जळतायत, काय करू?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात हिमाचलला गेलतो, तिथनं जपानी मेपलची तीन कलमं आणली, ब्लडगुड, सांगो काकू आणि झालरीसारख्या पानांचं क्रिमसन क्वीन. हौस अशी की हळूहळू दहा-बारा जाती जमवायच्या. थंडीत निम्मी पानं गळाली निम्मी तशीच लटकून राहिली, फेब्रुवारीत फुटली, आणि आता मार्च संपायच्या आत झालरवालीची पानं कडेनं कुरकुरीत, हातात धरलं की पापडासारखा चुरा. पाणी सकाळ-संध्याकाळ घालतो. ब्लडगुडला तर खालनं हिरवी पानं आलीत, लाल झाड हिरवं होतंय का काय?

गच्चीवरचा माळी:
दादा आधी हिरव्याचं बघा. ही सगळी नावाची झाडं कलमाचीच असतात, बी लावून ब्लडगुड तस्संच येत नाही. खोडावर गाठ दिसेल, तिच्या खालनं जे फुटतंय ते खुंटाचं, साध्या मेपलचं. बुडातनं काढा नाहीतर तेच वरचं कलम दाबून टाकतं.
पाणी कुठलं घालता? बोअरचं असेल तर कुंडीच्या काठाला पांढरा थर धरला असेल बघा. या झाडाला जराशी आंबट माती लागते, आपली काळी माती आणि क्षाराचं पाणी दोन्ही उलटं. आणि लोक आरओचं वाया जाणारं पाणी झाडाला घालतात, त्यात तर क्षार अजून जास्त! एसीच्या नळीचं पाणी धरा. कुंडी पूर्वेला, दहानंतर ऊन नको, वर शेडनेट.

होटगीरोडची ताई:
सांगो काकू वाचून मला आमच्या सांगोल्याच्या काकूच आठवल्या 😄 पण खरं सांगू का, उन्हाचं नेटनं भागतं ओ, थंडीचं काय करणार? या झाडाला हिवाळ्यात थंडीत नीट झोप मिळायला हवी. आपल्याकडं जानेवारीतबी दुपारी तीस अंश, मग ते धड झोपतबी नाही धड जागंबी नाही, दोन-तीन वर्षांत दमतं. काकूंची लालभडक फांदीसुद्धा थंडीतच खुलते. माझी दोन गेली, म्हणून सांगते, दहा-बारा नका जमवू. लाल पानाचीच हौस असेल तर आपल्या अंबाडीच्या घराण्यातलं लाल पानाचं जास्वंद मिळतं, पान थेट मेपलसारखं आणि उन्हाला घट्ट.

जुळेसोलापूरकर:
गाठ सापडली, मातीच्या वर चार बोटं. दोन्ही हिरवे फुटवे खालचेच निघाले, काढले. आरओचं पाणी तर मीच घालत होतो की ओ, आई बादली भरून ठेवायची आणि मी खुशीत ओतायचो 🤦 काल रात्री एसीखाली कॅन लावला, सकाळी पाच लिटर. ब्लडगुड आणि काकू ठेवतो, झालरवालं मेव्हण्याकडं महाबळेश्वरला देऊ का?

गच्चीवरचा माळी:
द्या, पण आत्ता नको, पावसाळा संपू दे. तिथला पाऊस कुंडीत साचला तर मुळं कुजतील, मग मेव्हणा आणि मेपल दोन्ही रुसतील.