मदत हवी आहे: असमानतेचा आलेख काढताना कोणती बाजू रंगवायची?

मुलीला शिकवता शिकवता मीच अडकलोय. रेषा काढण्यापर्यंत सगळं सुरळीत, पण रेघोट्या कोणत्या बाजूला मारायच्या इथे गाडी अडते.

गणित आहे २क्ष − ३य < ६. आधी बरोबरचं चिन्ह धरून दोन बिंदू काढले, (३, ०) आणि (०, −२). रेषा तुटक काढली, कारण रेषेवरचे बिंदू उत्तरात येत नाहीत. इथपर्यंत ठीक ना? मग 'लहान म्हणजे रेषेच्या खाली' हे डोक्यात पक्कं असल्यामुळे खालचा भाग रंगवला. उत्तरात वरचा आहे. छपाईची चूक म्हणून सोडून देणार होतो, तर पुढच्या गणितातही तेच!

शिवाय य ≥ २क्ष मध्ये (०, ०) ठेवलं तर ० ≥ ० आलं. खरं आहे, पण मग बाजू कोणती?

प्रतिसाद १:
छपाई बरोबर आहे. 'लहान म्हणजे खाली' हे य डावीकडे असेल आणि त्याचा गुणक (य च्या आधीचा आकडा) धन असेल तरच चालतं. तुमच्याकडे −३य आहे. −३य < ६ − २क्ष, आता −३ ने भागताना चिन्ह उलटतं (२ < ५, पण −२ > −५, तसंच), म्हणून य > (२/३)क्ष − २. झाली वरची बाजू.

खरं तर मी वर-खाली बघतच नाही, सरळ एक बिंदू ठेवतो. (०, ०) ठेवला की ० < ६, खरं. म्हणजे आरंभबिंदू ज्या बाजूला, ती रंगवायची. चिन्ह उलटायची भानगडच नाही.

दुसऱ्या गणितात मात्र (०, ०) रेषेवरच बसलाय, तो काय बाजू सांगणार! (१, ०) घ्या. ० ≥ २ खोटं, म्हणून त्याच्या पलीकडची बाजू. आणि इथे रेषा सलग हवी.

धागाकर्ता:
वही उघडली. भागाकार केलाय, चिन्ह तसंच ठेवलंय. तिन्ही गणितांत! आणि नुसतं क्ष > ३ असेल तर? उभी तुटक रेषा, उजवीकडचं सगळं?

प्रतिसाद १:
हो, य काहीही असू दे. (४, −१००) सुद्धा चालतो, कागद पुरला तर.